पीळ बसतो तो गार होताना

गेल्या जूनमध्ये पुतणीचा साखरपुडा होता. हॉल भाईंदरला आणि आम्ही मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये. रिक्षानं वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर. दुपारी तीनपासून मी कर्लर घेऊन आरशासमोर बसले होते. साडेपाचला उठले तेव्हा पाठीवर अशा काही बटा लोळत होत्या की माझं मलाच कौतुक वाटलं. बाहेर पाऊस नव्हता, नुसतं भरून आलं होतं. रिक्षात दोन्ही बाजूंनी वारा. हॉलच्या पायऱ्या चढत होते तर थोरल्या जाऊबाई वरून म्हणाल्या, "अगं, केस विंचरायला वेळ नाही का मिळाला?" मागे हात नेऊन पाहिलं. अडीच तासांची मेहनत फूटपट्टीनं रेघ मारावी तशी सरळ झाली होती. टोकाला तेवढा एक अर्धवट आकडा लटकत होता.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्यासारख्या सरळसोट केसवाल्यांचं उलट आहे: सुंभ जळायची पाळी येते, पीळ काही येत नाही. उपजत कुरळे केस असणाऱ्यांना हे दुःख कळायचं नाही. त्या बिचाऱ्या पैसे मोजून ते सरळ करून घेत असतात.

या बाबतीत मला शहाणं केलं ते आमच्याच इमारतीतल्या एका ताईंनी. त्या मालिकांच्या सेटवर केस करतात. काशिमीरा-नायगावच्या पट्ट्यात असे सेट बरेच, त्यामुळे मीरा रोडला ही मंडळी लिफ्टमध्ये सहज भेटतात. (मुंबईच्या सिनेमा-मालिकांच्या धंद्यात बायकांनी केस करावेत, मेकअपला हात लावू नये, असा तिथल्या संघटनेचा खाक्या कित्येक वर्षं होता; तो २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं मोडीत काढला. केसांच्या कामात या बायका इतक्या मुरलेल्या का, याचं एक कारण त्यातही असेल.) ताईंनी माझी कर्मकहाणी शांतपणे ऐकली आणि एकच विचारलं, "कर्लर काढल्यावर बट कुठे सोडलीत?"

"कुठे म्हणजे? खाली."

"मग ती खालीच जाणार."

त्या एका वाक्यात सगळं आलं. पण मला ते नीट कळायला गुळाच्या चिक्कीचा आधार घ्यावा लागला. पाक गरम असतो तोवर तो हवा तसा थापता येतो, पण त्याच वेळी तुकडा उचलायला गेलात तर वाकतो, ओघळतो. चिक्की आकार धरते ती ताटात गार झाल्यावर. आणि चांगली कडक झालेली चिक्कीसुद्धा पावसाळ्यात डब्याबाहेर राहिली की सादळते. केसांचं गणित असंच आहे. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे काही बंध पक्के असतात. ते गंधकाचे, कर्लरला दाद देत नाहीत. दुसरे कच्चे, हायड्रोजनचे. ते पाण्यानं सुटतात, उष्णतेनंही सुटतात, आणि केस वाळताना किंवा गार होताना ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा जुळतात. कर्लरचं काम फक्त ते बंध सैल करण्याचं. पीळ बसतो तो नंतर, गार होताना. मी दर वेळी गरम बट तशीच खाली सोडत होते, म्हणजे ती स्वतःच्या वजनानं ताणली जाऊन, अर्धी सरळ होऊनच गार होत होती.

राहिला सादळण्याचा प्रश्न. १७८३ साली जिनिव्हाच्या होरेस-बेनेडिक्ट द सोस्यूर या शास्त्रज्ञानं हवेतला दमटपणा मोजायचं एक यंत्र लोकांपुढे मांडलं, त्यात काटा हलवणारी वस्तू होती माणसाचा केस. दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. पुढे वेधशाळांमधून अशी केसांची यंत्रं पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. आपण तर तसे लाखभर केस डोक्यावर घेऊन फिरतो, तेही खाडी, मिठागरं आणि खारफुटीनं वेढलेल्या शहरात, जिथे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वरच असते. हवेतलं पाणी केसांत शिरतं, कच्चे बंध सुटतात, आणि केस मूळ पदावर येतो. म्हणून पुण्याच्या बहिणीनं सांगितलेली युक्ती मीरा रोडला चालेलच असं नाही. तिच्याकडे डिसेंबरात पापडसुद्धा आठवडाभर कुरकुरीत राहतो.

सरळ केसांची अडचण दुहेरी आहे. एक तर असा केस बहुधा आडव्या छेदात गोल असतो, त्याला अंगचा कल असा कुठल्याच बाजूला नसतो. दुसरं म्हणजे तो गुळगुळीत. शेजारच्या केसाला धरून राहत नाही. त्यातून कमरेपर्यंत एकसारखे लांब असतील तर वजनानंच बट ताणली जाते. पहिला उपाय म्हणून थोडे लेयर्स कापून घ्या. लांबी घालवायची गरज नाही, खालचा भार हलका झाला तरी पुष्कळ फरक पडतो.

आता तयारी. ती कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सुरू होत नाही, दोन दिवस आधी होते. आपल्या घरांत केसांचं नाव काढलं की आधी खोबरेल आठवतं, आणि ते काही चूक नाही. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत रेले आणि मोहिले या दोघांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली होती, तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. केस धुताना-विंचरताना त्यातलं जे प्रथिन निघून जातं ते खोबरेलानंच कमी झालं, बाकी दोघांनी नाही. तेव्हा कर्लरची आच लागणार असेल तर आधी तेल जरूर लावा. पण दोन रात्री आधी लावा, आणि आदल्या दिवशी शांपूनं दोनदा धुऊन पूर्ण काढा. तेलाचा अंश राहिलेल्या केसावर पीळ बसत नाही, घसरतो. कंडिशनर फक्त खालच्या चार बोटांना. आणि नुकतेच न्हालेले केस इतके सुळसुळीत असतात की त्यांत साधा आकडासुद्धा ठरत नाही, म्हणून शक्यतो आदल्या दिवशीच न्हा. एक दिवसाचे केस जास्त ऐकतात.

पाण्याकडेही लक्ष द्या. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर त्यातले क्षार केसांवर बसतात, केस चरबट होतात आणि फोम लावला तरी आत मुरत नाही. शेवटचा तांब्या आरओ फिल्टरच्या पाण्याचा घ्या, एवढं पुरतं. मी त्यात चमचाभर व्हिनेगर घालते. घरात थोडा वेळ लोणच्यासारखा वास येतो, मग जातो.

सुती साडीला इस्त्री करणाऱ्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. खळ न दिलेल्या साडीची घडी तासाभरात मोडते, खळ दिलेली दिवसभर राहते. केसांनाही खळ लागते. अमरकोशात कुरळ्या बटांना 'अलक' म्हटलंय आणि त्याच शब्दाच्या जोडीला 'चूर्णकुंतल' दिलाय. म्हणजे चूर्ण लावून बसवलेले केस. वीज नव्हती, कर्लर नव्हता, तरी नुसत्या वळवण्यानं काम भागत नाही हे तेव्हाच्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. आणि आपण दोन हजारांचा कर्लर आणतो आणि फोमवर पैसे वाचवतो.

बाजारचा फोम, म्हणजे मूस, घेत असाल तर केस ओलसर असताना लिंबाएवढा गोळा तळहातावर घ्या आणि कानाच्या खालपासून टोकापर्यंत बोटांनी फिरवा. मुळाशी नको, केस चप्प बसतात. डबीवरचे घटक वाचा: ग्लिसरीन वरच्या चार-पाच नावांत असेल तर तो पावसाळ्यात घेऊ नका, ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं.

घरचं हवं असेल तर जवस. चटणीसाठी आणलेलंच. दोन मोठे चमचे अख्खं जवस, न भाजता, न कुटता, एका मोठ्या पेलाभर पाण्यात मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा, नाहीतर खाली लागतं. सात-आठ मिनिटांत पाणी दाटतं, पळी उचलली की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार सुटते. तेव्हाच गॅस बंद करा. आणि गरम असतानाच गाळा. हे मी दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा मी "जरा निवू दे" म्हणून भांडं झाकून ठेवलं आणि मग गाळणीतून एक थेंब उतरेना. दाणे आणि जेल यांचा एकच गोळा झाला होता, तो शेवटी कुंडीत गेला. जुन्या मलमलच्या फडक्यातून पिळून काढलेला जेल फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. लावताना मात्र हात आखडता घ्या. जास्त झाला तर वाळल्यावर पांढरी पापुद्री सुटते आणि लोक कोंडा समजतात. थंडीत आणि कोरड्या दिवसांत हा जेल उत्तम. ऐन जुलैत तो चिकचिकतो. तेव्हा बाजारचा फोमच बरा, हे मी जवसाची भक्त असूनही कबूल करते.

आता कर्लर. घेताना तापमान ठरवता येणारा घ्या; नुसता चालू-बंदचा घेऊ नका, तो किती तापलाय ते कळतच नाही. दांडा २५ मिलीमीटरचा. तुम्हाला मोठ्या, सैल बटा हव्या असल्या तरी २५चाच, कारण सरळ केस थोडा वेळ गेला की एक आकार सैल होतातच. मोठ्या दांड्यावर वळवलेली बट थोड्याच वेळात नुसती वळण घेतलेली टोकं होऊन राहते. पातळ केसांना १५० ते १६० अंश पुरतात, जाड केसांना १८०. दोनशेच्या वर कधीच नेऊ नका. पीळ बसत नाही म्हणून आच वाढवायची ही आपली नेहमीची चूक. त्यानं पीळ वाढत नाही, केस मात्र चरचरतो.

केस पूर्ण कोरडे हवेत. वरून कोरडे वाटतात, पण मानेजवळचे आतले केस हमखास ओलसर असतात, तिथे बोटं घालून बघा. ओल्या केसाला तापलेला दांडा लागला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या आत बुडबुडे धरतात. तो केस मग तिथेच तुटतो. दांड्यावरून चर्र आवाज आला किंवा वाफ दिसली तर थांबा. ती वाफ केसांतल्या पाण्याची आहे.

बट किती घ्यायची? दोन बोटं रुंद, फार तर पेन्सिलीइतकी जाड. आळस करून जाड बट घेतली की बाहेरचा थर तापतो आणि आतला कोराच राहतो. चेहऱ्यापासून मागच्या दिशेनं गुंडाळा, टोकं शेवटी आत घ्या, आठ ते दहा सेकंद. दुसऱ्या हाताच्या बोटाला ऊब लागली की समजा आतपर्यंत पोचली.

आणि इथे तो सगळा खेळ आहे. दांडा हळूच खाली सरकवून काढायचा, पण बट सोडायची नाही. ती वेटोळं घातलेल्या स्थितीतच तळहातावर येऊ द्या, तव्यावरून उतरवलेला फुलका झेलतो तशी. गरम असते, सोसवत नसेल तर सुती हातमोजा घाला. वेटोळं तसंच डोक्याशी नेऊन चाप लावा. चापाखाली टिश्यूचा तुकडा ठेवला तर वळ उठत नाही. अशी सगळ्या डोक्यावर वीस-बावीस वेटोळी होतात. डोकं ताटात मांडलेल्या चकल्यांसारखं दिसतं. घरातली मुलं हसतात. हसू द्या. वीस मिनिटं तसंच बसा, जमलं तर एसीच्या खोलीत, कारण एसी हवा गारही करतो आणि कोरडीही. नसेल तर पंखा. या वीस मिनिटांत एकच बंधन: स्वयंपाकघरात जायचं नाही. कुकरची वाफ, चहाचं आधण, काहीही नको. ताईंच्या भाषेत, "चाप असताना चहा दुसऱ्यानं करायचा." ही अट मला फार आवडली.

वीस मिनिटांनी एक वेटोळं हाताच्या पालथ्या बाजूला टेकवून बघा. गार लागलं तरच चाप काढा, आणि खालून वर या, मानेपासून सुरुवात. कंगवा लांब ठेवा. बटा आधी फार घट्ट, जरा बाहुलीसारख्या दिसतील. त्या मोडायच्या नाहीत, तास-दीड तासात आपोआप उतरून हव्या तशा होतात. सरळ केसांवर सुरुवातीला सुंदर दिसणारी बट म्हणजे फसवणूक. सुरुवातीला थोडी जास्तच दिसली पाहिजे. मग हातभर अंतरावरून स्प्रेचा पातळ फवारा, आणि तो वाळेपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही. या फवाऱ्याच्या डब्यात ज्वालाग्राही वायू असतो हे लक्षात ठेवा. देवघरातली समई, गॅस, औक्षणाची निरांजनं यांच्यापासून दूर फवारा, आणि पूर्ण वाळल्यावरच कुणी ओवाळायला आलं तर पुढे बसा.

कर्लर नको असेल, किंवा आठवड्यातून एकदाच्या वर वापरायचा नसेल (आणि नसावाच), तर आपल्या आज्यांची पद्धत आहे. आजी रात्री पाचपेडी घालायची, सकाळी सोडली की केसांना लाटा. पण ते मोकळे सोडून हिंडलं की लगेच "काय अवदसेसारखी" म्हणून ओरडा बसायचा, त्यामुळे ती शोभा पंधरा मिनिटंच टिकायची. वेणीनं सरळ केसांना फक्त लाटा येतात, पीळ येत नाही. पीळ हवा तर पट्ट्या. जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्ट्या फाडा. फाडाच, कापू नका, फाडलेल्या कडेला केस धरून राहतो. बटेचं टोक पट्टीच्या मध्यावर ठेवून वरपर्यंत गुंडाळत न्या आणि पट्टीची दोन टोकं मुळाशी गाठ मारून बांधा. डोक्यावर आठ-दहा पट्ट्या पुरतात. झोपताना कुठे टोचत नाही, रोलरसारखी मान अवघडत नाही.

पण मुंबईच्या हवेत या पद्धतीत एक खोच आहे, ती कुणी सांगत नाही. या पद्धतीत पीळ बसतो तो वाळताना. ओले केस गुंडाळलेत तर जुलैच्या रात्रीत ते आतून वाळतच नाहीत. सकाळी पट्टी सोडल्यावर बट छान दिसते, हात लावला तर किंचित थंड, ओलसर लागते, आणि पोहे होईपर्यंत सरळ. म्हणून केस जवळजवळ पूर्ण वाळवून घ्या, फवाऱ्याच्या बाटलीनं नुसते सर्द करा, फोम लावा आणि मग गुंडाळा. सकाळी सोडायच्या आधी पट्ट्यांसकट दहा मिनिटं ड्रायर, शेवटची दोन मिनिटं थंड हवेवर. आधी एक पट्टी सोडून बघा. ओल लागली तर ती पुन्हा बांधा, बाकीच्यांना हात लावू नका.

एवढं करून माझं अर्धं काम झालं, कारण उरलेलं अर्धं प्रवासात बिघडायचं. मीरा रोड स्टेशनवरून दादरला लग्नाला जायचं म्हणजे बायकांच्या डब्यात तासभर. तिथे बट सोडून चढलात तर उतरताना डोक्यावर काय असेल ते सांगता येत नाही. त्यामुळे मी आता चाप न काढताच निघते. वरून सुती ओढणी सैल बांधते आणि हॉलच्या खोलीत जाऊन चाप काढते. पहिल्यांदा लाज वाटली होती. शेजारच्या सीटवरच्या बाईनं ओढणीखालून डोकावणारा चाप पाहिला आणि विचारलं, "लग्नाला का?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मीसुद्धा," आणि स्वतःच्या स्कार्फवर बोट ठेवलं.

गजऱ्याचंही बघावं लागतं. मोगऱ्याचा गजरा ताजा राहावा म्हणून फुलवाले त्यावर पाणी शिंपडून पानात गुंडाळून देतात. तो तसाच माळला की त्याच्या खालच्या बटा अर्ध्या तासात खाली बसतात. गजरा आधी सोडून ठेवा, पंख्याखाली पाणी उडू द्या, आणि माळायचा तो वरच्या बांधलेल्या केसांत, मोकळ्या बटांवर लोंबता नको.

ज्यांनी स्मूदनिंग किंवा स्ट्रेटनिंग करून घेतलंय त्यांना मात्र मी खोटी आशा दाखवणार नाही. तिथे केस सरळ राहावा म्हणूनच त्याच्यावर प्रक्रिया झालेली असते, त्यातून तो अशक्तही झालेला असतो. पीळ धरत नाही म्हणून आच वाढवत गेलात तर केस हातात येईल. मुळाशी नवे केस येऊ द्या, तोवर चेहऱ्याजवळच्या दोन-चार बटांवर भागवा. आणि उलट बाजूनं, कायमचा पीळ हवा म्हणून पर्मिंगचा विचार करत असाल तर त्यात ते गंधकाचे पक्के बंधच रसायनानं तोडून नव्या आकारात जोडतात हे माहीत असू द्या. लंडनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल नेस्लरनं त्याचा प्रयोग लोकांसमोर केला तेव्हा डोक्यावर पितळेचे जड रोलर टांगून बाईला तासन्‌तास बसावं लागायचं. आता तेवढे हाल नाहीत, पण मुळातून येणारा नवा केस सरळच येतो, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा तेच. माझा कौल चापांना.

वर्षभरात या सगळ्याचा हिशेब असा निघाला: डिसेंबर-जानेवारीत सकाळी बसवलेल्या बटा रात्रीच्या जेवणापर्यंत राहतात. मार्च ते मे घामाचा भरवसा नाही, मानेवरचे केस वर बांधले तर चार-पाच तास. पावसाळ्यात फोम, चाप, स्प्रे सगळं करूनही तीन तास मिळाले तर नशीब. तेव्हा जुलैतल्या मुंजीला पूर्ण मोकळ्या बटांचा हट्ट धरू नका. मागचे केस अंबाड्यात घ्या आणि कानशिलाजवळच्या दोन बटांवर सगळी कला दाखवा. तेवढ्या बिघडल्या तर हॉलच्या बाथरूममध्ये पाच मिनिटांत परत वळवता येतात. आणि काहीही नवीन करायचं असेल तर आधी एखाद्या रविवारी घरी एकाच बटेवर करून बघा, घड्याळ लावून. ती किती वाजता सरळ झाली ते लिहून ठेवा. प्रत्येकीच्या केसाचा वेळ वेगळा निघतो.

शेवटची एक विनंती. चाप लावताना मोजा आणि काढतानाही मोजा. बावीस लावले असतील तर बावीसच निघायला हवेत. पुतणीच्या लग्नात माझे एकवीस निघाले. बाविसावा सप्तपदीच्या प्रत्येक फोटोत आहे.